धारोष्ण वर्ट, वाळवलेलं विरजण: नॉर्वेच्या शेतघरांतली बिअर

प्रश्न असा आहे: पश्चिम नॉर्वेतले शेतकरी ४० अंश सेल्सिअसला बिअर आंबवत, हे खरं का? आणि थर्मामीटर, फ्रिज, विकतचं यीस्ट यातलं काहीच नसताना ती बिघडत कशी नव्हती?

खरं आहे. वॉस, हार्डांगर, सोग्न, नोर्डफ्योर्ड, सुन्मोरे या फियॉर्डांच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांच्या) पट्ट्यात काही घरी ती आजही तशीच होते. ज्यानं लागर बिअरचं शास्त्र शिकलंय त्याला हा आकडा चुकीचा छापलाय असं वाटतं, कारण लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, १० अंशांच्या आसपास आंबते आणि एल, म्हणजे जरा उबेत आंबवायची साधी बिअर, २० च्या आसपास. ४० अंशांवर साधं एल-यीस्ट टाकलं तर नेलपॉलिशच्या वासाचं, डोकं धरणारं काहीतरी हाती लागतं. नॉर्वेच्या शेतघरांत तसं होत नाही, कारण तिथलं यीस्टच निराळं आहे. पण सगळं श्रेय यीस्टला देऊ नये. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), जुनिपर (एक राळेचं झुडूप), लाकडी पिंप आणि सणांचं वेळापत्रक हे सगळं एकमेकांना धरून आहे.

आधी बिअर का करावीच लागे ते पाहू. वायव्य युरोपातल्या या भागात द्राक्षं होत नाहीत. जव आणि ओट होतात, तेही जेमतेम. बिअर ही शेतातल्या धान्यातून निघणारी सणाची वस्तू होती आणि ती करणं ही मर्जीची बाब नव्हती. १०व्या शतकातल्या राजा होकोनबद्दलच्या सागांत, म्हणजे जुन्या नॉर्स कथांत, लिहिलंय की प्रत्येकानं नाताळाला ठरलेल्या मापाच्या माल्टची बिअर करावी, नाहीतर दंड भरावा, आणि बिअर पुरेल तोवर सण पाळावा. पश्चिम नॉर्वेच्या गुलातिंग कायद्यात हे कलमच आहे. नवरा-बायकोनं दोघांच्या वाट्याचं सारखं माल्ट घालून बिअर करायची, शेजाऱ्यांसोबत प्यायची, आणि ती ख्रिस्त व मेरी यांच्या नावानं, चांगलं वर्ष आणि शांतता लाभो म्हणून, नाताळच्या रात्री आशीर्वादित करायची. न केल्यास बिशपला तीन मार्क दंड. तीन वर्षं लागोपाठ चुकवली तर मालमत्ता जप्त, आणि प्रायश्चित्त घ्यायची तयारी नसेल तर देश सोडायचा. भाषेतही हे मुरलंय: ‘ओल’ म्हणजे बिअर, आणि ‘ग्राव्होल’, शब्दशः थडग्याची बिअर, म्हणजे मृत्यूनंतरचं जेवण.

म्हणजे ही कडक बिअर रोजची नव्हे. नाताळ, लग्न, मर्तिक, आणि काही ठिकाणी गवत कापणीचा हंगाम. वर्षातून दोनचार वेळा. हे लक्षात ठेवा, यीस्टकडे येताना लागणार आहे.

माल्टिंग समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की सत्त्व होतं. जवाचं तेच केलं की माल्ट. तिथे जव पोत्यात भरून ओढ्यात दोनतीन दिवस बुडवून ठेवत, मग लाकडी जमिनीवर किंवा माळ्यावर पसरून मोड आणत. ढीग आतून तापतो, म्हणून तो दिवसातून दोनतीनदा उलटायचा. न उलटल्यास मुळ्यांचं जाळं होऊन गठ्ठा बनतो आणि आतून बुरशीचा कुबट वास येतो. तो वास नंतर कशानंही जात नाही. बाहेर मुळ्या दिसतात त्या फसव्या असतात. खरा कोंब सालीखालून वर सरकत असतो. दाणा सोलून पाहायचा आणि कोंब दाण्याच्या लांबीच्या पाऊणपट झाला की थांबवायचं. आधी थांबवलं तर दाण्याचं टोक खडूसारखं न होता कडक राहतं, साखर कमी निघते. उशीर केला तर कोंबानंच साखर खाल्लेली असते.

वाळवणं सगळ्यात नाजूक. ओल्या मोडांना चटका बसला की पिठूळ भाग साखरेत बदलणारी विकरं मरतात, म्हणून पाणी उडून जाईपर्यंत ऊब हळूच द्यायची आणि दाणा कोरडा झाल्यावरच वाढवायची. कुठे माळ्यावर नुसत्या हवेनं, कुठे बाष्पस्नानाच्या झोपडीत, कुठे भट्टीवर. मध्य नॉर्वेच्या ट्रोन्देलागमधल्या स्ट्योर्दालला भोकं पाडलेल्या फळ्यांवर माल्ट पसरून खाली आल्डरच्या लाकडाचा जाळ करतात. तिथली बिअर म्हणूनच धुरकट, आणि धूरही असा की पहिल्यांदा पिणाऱ्याला भाजलेल्या मासळीची आठवण यावी. गंमत अशी की स्ट्योर्दालनं माल्टाची परंपरा जपली पण जुनं यीस्ट गमावलं. तिथे बरेच जण पावाचं यीस्ट वापरतात. पश्चिमेला नेमकं उलट झालं: यीस्ट टिकलं आणि माल्ट मात्र बहुतेक जण विकत आणू लागले.

आता जुनिपर. नॉर्वेजियनमध्ये ‘एनर’, आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ज्याची फळं हपुषा म्हणून मिळतात तेच झुडूप. बिअरमध्ये मात्र फळांपेक्षा फांद्या महत्त्वाच्या. पाण्यात फांद्या घालून तापवलेला काढा हाच बिअरचं पाणी म्हणून वापरतात, त्याच काढ्यानं लाकडी भांडी धुतात, आणि त्याच फांद्या गाळणपिंपाच्या तळाशी चाळणी म्हणून रचतात. धुण्याचं काम मी सर्वांत मोलाचं मानतो. लाकडाच्या भेगांत जिवाणू बसतात. उकळतं पाणी आणि जुनिपरची राळ मिळून त्यांना बरंच आवरतात. पूर्ण निर्जंतुक होत नाही, आणि होण्याची गरजही नसते.

इथे एक सावधानता. बागेत शोभेसाठी लावलेले जुनिपर बहुधा वेगळ्या जातीचे असतात, आणि साविन नावाची जात विषारी आहे. खात्रीचा ‘जुनिपेरस कम्युनिस’ नसेल तर फांद्या वापरूच नका. त्याऐवजी दुकानातली फळं भरमसाट घातली तर जिनची चव येते, नॉर्वेची नाही.

घरगुती प्रमाण २० लिटर तयार बिअरसाठी असं धरा. ७ किलो फिकं जवाचं माल्ट, भरड दळलेलं. ३० लिटर पाण्यात हाताएवढ्या दोनतीन फांद्या घालून ८० अंशांवर तासभर ठेवा. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं की फांद्या काढा. खळाखळा उकळत ठेवलं तर तुरटपणा उतरतो. यातलं २० लिटर पाणी ७५ अंशांवर आणून माल्टावर ओता. माल्ट २० अंशांचं असेल तर मिश्रण ६८ च्या आसपास येतं. झाकून, घोंगडी गुंडाळून तास-दीड तास. मग वरून ७८ ते ८० अंशांचं उरलेलं ८ ते १० लिटर ओतत गाळून घ्या. माल्ट आपल्या वजनाइतकं, म्हणजे साधारण ७ लिटर पाणी धरून ठेवतं, हे हिशोबात घ्या. हाती २१-२२ लिटर वर्ट, म्हणजे माल्टाचा गाळलेला गोड रस, येईल; घनता (पाणी १ धरून) १.०७५ ते १.०८०. बिअर साधारण ७.५ ते ८ टक्के अल्कोहोलची होते. ही सणाची बिअर, हलकी नव्हे. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून निघणारी पातळ बिअर रोजच्या पिण्याला. चोथा शेवटी गुरांना.

थर्मामीटर नसताना ६८ अंश कसे जमत? तापमान मोजत नसत, पाणी मोजत. उकळतं पाणी, ठरलेली बादली, ठरलेलं पिंप, ठरलेलं माल्ट. तीच भांडी, त्याच क्रमानं वापरली की दर वेळी जवळपास तेच तापमान पडतं. मोठं धातूचं भांडं ज्यांच्याकडे नव्हतं ते विस्तवात तापवलेले दगड पिंपात टाकत. ट्रोन्देलागच्या जुन्या शेतवाड्यांखाली भाजून तडकलेल्या दगडांचे जाड थर सापडतात ते यातलेच मानले जातात. दुसरी युक्ती: खालून काढलेला वर्ट छोट्या भांड्यात तापवून परत वर ओतायचा, पुनःपुन्हा. मिश्रण पायरीपायरीनं चढतं आणि लहान भांड्यातही मोठं काम होतं.

गाळण अडकणं हा नवख्याचा हमखास त्रास. कारण बहुतेक वेळा दोन: पीठ फार बारीक, किंवा तोटी एकदम उघडली. तोटी उघडताच चोथा खाली दबून बसतो आणि मग थेंबही येत नाही. फांद्या आडव्या-उभ्या अशा दोन थरांत, बोटभर जाडीच्या काड्या खाली आणि बारीक टोकं वर, अशा रचा. पहिले दोनतीन लिटर गढूळ येतात. ते हळूच वरून परत ओता. अडकलंच तर चोथा वरच्यावर चाकूनं चिरा, पिंप मुळापासून ढवळू नका.

इथून रस्ते फुटतात. नोर्डफ्योर्डमधल्या होर्निंदाल आणि आसपासच्या भागात वर्ट उकळतच नाहीत. ही ‘रोओल’, कच्ची बिअर. युरोपात हॉप्स (एका वेलीची कडू फुलं) घालून उकळण्याची पद्धत रूढ होण्याआधीची रीत इथे राहून गेली. तिच्यात प्रथिनं गळून पडत नाहीत, म्हणून ती दाट, दुधट आणि धान्याच्या चवीची लागते. हॉप्सचा कडूपणा उकळल्याशिवाय नीट उतरत नाही, तेव्हा मूठभर हॉप्स वेगळ्या पाण्यात उकळून तो काढा मिसळतात. न उकळल्यामुळे मक्याच्या वासाचं डायमिथाइल सल्फाइड राहील अशी भीती घातली जाते. ती फोल आहे. तो वास ज्या घटकातून होतो त्याचं रूपांतर व्हायलाच उकळीजवळची उष्णता लागते. खरी मर्यादा टिकाऊपणाची. कच्ची बिअर काही आठवड्यांत संपवायची.

वॉसला उलट. वर्ट ३ ते ४ तास उकळून जवळपास निम्म्यावर आणतात. सगळं माल्ट फिकं असूनही बिअर तांबूस होते; रंग भाजक्या माल्टाचा नाही, आटवण्याचा. खव्याला जो रंग येतो त्याच्याच जातीचा. २० लिटरला हे करायचं तर गाळताना पाणी वाढवून ३५ लिटरपर्यंत वर्ट काढा आणि आटवा, ३० ते ४० ग्रॅम हॉप्स कापडाच्या पुरचुंडीत बांधून.

आता यीस्ट. पश्चिमेकडच्या बोलीत त्याला ‘क्वाइक’ म्हणतात. शब्द ‘जिवंत’, ‘पेटता’ या अर्थांच्या कुळातला. माझ्या मते याला यीस्ट म्हणण्यापेक्षा विरजण म्हणावं, कारण वागणूक तीच: मागच्या खेपेतून थोडं राखायचं, पुढच्या खेपेला लावायचं, बिघडलं तर शेजारून मागून आणायचं. शेजाऱ्याला क्वाइक द्यायला कुणी नकार देत नसे. आपलं गेलं की त्याच्याकडूनच परत मिळायचं असतं. त्यामुळे एकेका घरच्या क्वाइकमध्ये एक नाही, अनेक वाण असतात. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत आली आणि कारखान्यांनी ती उचलली; हा फियॉर्डांचा पट्टा तिच्या वाऱ्याबाहेर राहिला.

राखायचं कसं? कुठे वरचा फेस घेत, कुठे तळाचा साका. घरचा नियम मोडत नसत, आणि तो मोडू नयेच. वर येणारे वाण आणि खाली बसणारे वाण वेगळे असतात, अदलाबदल केली की काही खेपांत मिश्रणच बदलतं. तो साका भोकं पाडलेल्या लाकडाच्या ओंडक्याला, किंवा लाकडाच्या छोट्या तुकड्यांच्या माळेसारख्या कड्याला, किंवा तागाच्या कापडाला फासून उबेला वाळवत आणि पुढच्या सणापर्यंत टांगून ठेवत. बाटलीत भरून विहिरीत सोडण्याचीही पद्धत होती.

वर सांगितलेलं वेळापत्रक इथे कामी येतं. बिअर वर्षातून दोनचारदा, म्हणजे यीस्टला सहा-सहा महिने वाळून जगावं लागे. जे वाण त्यात मेले ते संपले. जे उरले ते पेशीत ट्रेहालोज नावाची साखर भरपूर साठवणारे, आणि हीच साखर वाळण्यापासून, उष्णतेपासून आणि अल्कोहोलपासूनही पेशीला वाचवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात क्वाइक ही पाळीव बिअर-यीस्टांची स्वतंत्र शाखा ठरली. रानटी यीस्टमुळे लवंगेसारखा जो औषधी वास येतो तोही त्यांच्यात नाही, म्हणजे माणसानं चव घेत निवडल्याची खूण. ‘व्हायकिंगांचं यीस्ट’ म्हणून ते विकतात ती जाहिरात आहे.

मग इतक्या थंड देशात इतकं गरम का? शंभर-दीडशे लिटरचं लाकडी पिंप २० अंशांपर्यंत निवायला रात्र जाते, आणि त्या कोमट तासांत जिवाणूंची मेजवानी होते. शेतकरी वाट न पाहता ३५ ते ४० अंशांवरच यीस्ट लावतो. वर्ट किती निवावा याची तिथली खूण म्हणजे गाईच्या सडातून आलेल्या दुधाइतका; मराठीत त्याला आयताच शब्द आहे, धारोष्ण. यीस्ट तीनचार तासांत उसळतं, अल्कोहोल वाढतं, आम्लता वाढते, जिवाणूंना जागाच उरत नाही. पिंप घोंगड्यांत गुंडाळतात आणि दोन दिवसांत, थंडी आत शिरायच्या आधी, काम उरकतं. बिअर बिघडत का नव्हती याचं सर्वांत मोठं कारण हा वेग.

२० लिटरला पातळ साक्याचा एक चहाचा चमचा पुरतो. जास्त घातलं तर बिअर बिघडत नाही, पण वॉसच्या क्वाइकची ओळख असलेला संत्र्याच्या सालीचा सुगंध फिका पडतो. वाळलेल्या पापड्या असतील तर २ ते ३ ग्रॅम, ३०० मिलिलिटर वर्टमध्ये ३५ अंशांवर आदल्या रात्री जागवा. सकाळी फेस आणि फळाचा वास हवा. व्हिनेगरचा किंवा कुजका वास आला तर फेकून द्या. तापमान ३० च्या वर धरा. क्वाइक निम्म्यात थांबतं ते बहुतेकदा एसीच्या खोलीत गारठल्यामुळे. दुसरं कारण उपासमार: १.०५० च्या खालच्या पातळ वर्टमध्ये त्याला पोषण कमी पडतं, तिथे यीस्टचं खाद्य घालावं लागतं. आणि वेगावर भाळून तिसऱ्या दिवशी बाटल्या भरू नका. घनता दोन दिवस तीच राहिली तरच भरा, नाहीतर बाटली फुटते. पारंपरिक बिअर तर जवळपास बिनफेसाचीच पितात.

यीस्ट लावण्याला विधीही होते. काही ठिकाणी ते टाकताना मोठ्यानं ओरडत. आरोळी जितकी जोरात तितकी बिअर कडक. पिंपावर पोलादी सुरी ठेवत, किंवा क्रूस काढत, लोककथांतल्या अदृश्य लोकांनी बिअर चोरू नये म्हणून. बिअर पिंपातून काढायच्या दिवशी शेजारी चाखायला जमतात, त्याला ‘ओप्स्कोके’ म्हणतात. तो अजूनही चालतो. पूर्वी बिअर करण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायकांचं होतं. पश्चिमेला पुढे पुरुषांकडे गेलं.

मोडलं कशानं? १८१६ साली शेतकऱ्यांना घरी दारू गाळायची मोकळीक मिळाली आणि बटाट्याची स्वस्त कडक दारू आली. तिच्या अतिरेकातून दारूबंदीची चळवळ उठली. १८५९ मध्ये स्टावांगरला आस्ब्योर्न क्लोस्टरनं संपूर्ण मद्यवर्जनाची संस्था काढली. धार्मिक पुनरुत्थानवाल्यांनी गावोगाव बिअरची पिंपं बंद पाडली. त्यात आगबोटीनं आणि रेल्वेनं बाहेरचं धान्य स्वस्तात येऊ लागलं, शेतकरी जव सोडून दुधाकडे वळला, आणि दुकानात दाबलेलं यीस्ट मिळू लागल्यावर क्वाइकची कडी वाळवायची कटकट कोण करणार. दोन खेपा विकतच्या यीस्टवर काढल्या की घरचं क्वाइक मेलेलं असे, आणि शेजाऱ्यांचंही तसंच झालं असेल तर मागायला कुणी नसे. पूर्व नॉर्वेत बहुतेक ठिकाणी असंच घडलं.

पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात हे यीस्ट सोईचं पडेल, हा विचार मनात येणारच. शास्त्रानं तो बरोबर आहे. पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे वरचं प्रमाण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे इथे राहणाऱ्यांसाठी, जिथे घरच्यापुरती बिअर चालते. इथल्यांना माल्टिंगचा भाग मात्र खुशाल करून पाहता येईल. किलोभर जव भिजवा, तीन दिवस मोड आणा, सावलीत वाळवा, शेवटी मंद आचेवर कोरडं करा, आणि एक दाणा चावा. खुसखुशीत तुटला आणि चवीला गोडसर लागला तर मोड योग्य वेळी थांबवले होते.